रविवारच्या केकची तयारी तीन रविवार आधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत असल्याने मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी नाशिकमधल्या हॉलमध्ये ६० माणसांचे जेवण ठरले आहे आणि केक आपण स्वतः घरी करणार आहात. पाहुण्यांपैकी निम्मे लोक अंडे खात नाहीत. नोकरीमुळे शनिवार दुपारपर्यंत आपले हात मोकळे होत नाहीत. म्हणून बुधवारी किंवा गुरुवारी रात्री केक पूर्ण सजवून फ्रिजमध्ये ठेवला तर तो रविवारपर्यंत चांगला राहील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

असे करू नये. तीन-चार दिवसांत केक बहुधा नासणार नाही, पण क्रीमला फ्रिजमधल्या इतर पदार्थांचा वास लागेल, आत फळे असतील तर त्यांचे पाणी सुटून खालचा थर गिच्च होईल, आणि जिथे क्रीमचा लेप पातळ आहे तिथला स्पंज कडक होऊन घशाखाली उतरताना पाणी मागेल. मी गेली २२ वर्षे पुण्यात घरून केक करून देते आणि पहिली चार-पाच वर्षे मीही ‘केक’ ही एकच वस्तू समजून तिच्या तयारीचा एकच दिवस शोधत असे. प्रत्यक्षात केक म्हणजे स्पंज, पाक, भरण, बाहेरचा लेप आणि सजावट अशा पाच वेगवेगळ्या वस्तू असतात, आणि प्रत्येकीचे टिकण्याचे दिवस निराळे असतात. अनारशाचे पीठ दिवाळीच्या कितीतरी आधी करून मुरवत ठेवायचे आणि तळण मात्र सणाच्या तोंडावर काढायचे, हा हिशेब आपल्या घरात सर्वांना पाठ असतो. केकलाही तोच लावायचा आहे. आपल्या बाबतीत स्पंज दोन आठवडे आधी, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण) आणि पाक बुधवार-गुरुवारी, थर रचणे शनिवारी संध्याकाळी आणि शेवटचा लेप व सजावट रविवारी सकाळी, अशी वाटणी बसते.

स्पंजपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. उघडा स्पंज फ्रिजमध्ये ठेवल्याने ताजा राहतो हा समज चुकीचा आहे. मैद्यातील स्टार्च भट्टीत पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे कण पुन्हा घट्ट रचले जाऊ लागतात, त्यातले पाणी बाहेर ढकलले जाते, आणि आपल्याला ती शिळेपणाची कडक, भुसभुशीत चव लागते. ही क्रिया सर्वांत वेगाने नेमकी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात होते. फ्रिजमधला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर शिळा लागतो त्याचेही कारण हेच. उलट उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. त्यामुळे नीट गुंडाळून डीप फ्रीझ केलेला दोन आठवड्यांचा स्पंज, दोन दिवस फ्रिजमध्ये उघडा राहिलेल्या स्पंजपेक्षा कितीतरी ताजा लागतो. आपल्या कानांना हे पटणार नाही, म्हणून खुशाल छोटा प्रयोग करून पाहा: एकाच स्पंजचे दोन तुकडे करा, एक फ्रिजमध्ये ठेवा, एक फ्रीझरमध्ये, आणि तिसऱ्या दिवशी घरच्यांना न सांगता दोन्ही चाखायला द्या.

फ्रीझ करण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. स्पंज टिनमधून काढून जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावा. हाताला गार लागला तरी मध्यभागी ऊब राहते, म्हणून आठ इंची स्पंजला मी दोन ते तीन तास देते. कोमट स्पंज गुंडाळला तर आत वाफ धरते, तिचा बर्फ होतो आणि तो वितळला की वरचा थर चिकट होतो. गार झाल्यावर वरचा फुगवटा कापू नये, तसाच राहू द्यावा, कारण ती साल आतला ओलावा धरून ठेवते. आधी क्लिंग फिल्मचे दोन वेढे, हवा राहणार नाही असे घट्ट, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा झिपची पिशवी, आणि तिच्यावर तारीख, माप आणि ‘अंड्याचा’ की ‘बिनअंड्याचा’ हे ठळक अक्षरांत लिहिलेले. गोठल्यावर दोन्ही स्पंज दिसायला सारखेच असतात आणि अशा वेळी आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते. पहिली रात्र स्पंज सपाट ताटावर ठेवून गोठवावा, नाहीतर खालच्या वाटाण्याच्या पिशवीचा आकार तो घेतो.

त्याआधी आपला फ्रीझर तपासावा लागेल. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जातच नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहत नसेल तर स्पंज तिथे चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. दोन दारांच्या फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे निर्धास्त जातात. मासळी, सोललेला लसूण आणि चिरलेली कोथिंबीर त्या काळात दुसऱ्या कप्प्यात किंवा शेजारणीकडे हलवावी. लोणी, मलई आणि साखर हे तिन्ही पदार्थ वास ओढून घेण्यात पटाईत आहेत. सुरुवातीच्या काळात मी एका साखरपुड्याचा व्हॅनिला केक सोड्यांच्या, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या, पुडीशेजारी ठेवला होता. पुढचे सांगायला नको.

बाहेर काढताना एकच नियम आहे: गुंडाळलेलाच ठेवायचा. गोठलेल्या वस्तूवर हवेतले बाष्प जमणारच. वेष्टन असेल तर ते वेष्टनावर जमते, नसेल तर स्पंजच्या सालीवर. आठ इंची स्पंज मे महिन्याच्या हवेत साधारण दोन तासांत नरम होतो. तो अर्धवट गोठलेला, म्हणजे सुरी जाईल पण चुरा पडणार नाही अशा अवस्थेत असताना फुगवटा कापून त्याचे थर करावेत. विशेषतः बिनअंड्याचा स्पंज ताजा असताना फार भुसभुशीत असतो आणि नवख्या हातात त्याचे तुकडे होतात. गोठवून कापला तर तोच स्पंज मुकाट्याने ऐकतो. मात्र बाहेरचा शेवटचा लेप देण्याआधी तो आतपर्यंत पूर्ण सुटलेला असला पाहिजे. गोठलेल्या गाभ्यावर लेप चढवला तर पुढच्या काही तासांत केक खाली बसतो, थरांमधली हवा बाहेर येऊ पाहते आणि गुळगुळीत बाजूवर गळवासारखा फुगा येतो.

आता माप. जेवणानंतर किंवा जेवणासोबत केक असेल तर माणशी ७० ग्रॅम पुरतात. ६० माणसांना ४ किलो २०० ग्रॅम, आणि कापताना वाया जाणारे, लहान मुलांचे दुसऱ्यांदा मागणे, हॉलच्या वाढप्यांना द्यायचे तुकडे धरून पावणेपाच किलो करावा. एवढा एकच भव्य केक करण्याच्या मोहात आपण पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. समारंभात कापायला आणि फोटोला आठ इंची व सहा इंची असा दुमजली केक करावा. खालचा मजला चार इंच उंच ठेवला तर तो दीड किलोच्या आसपास भरतो आणि वरचा पाऊण किलो. उरलेले अडीच किलो नऊ इंची चौकोनी टिनमधल्या दोन साध्या स्लॅबच्या रूपात असावे, त्यांच्यावर फक्त क्रीमचा सपाट थर आणि थोडे किसलेले चॉकलेट पुरे. ते हॉलच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये राहतील आणि बाहेर फोटो चालू असताना आत त्यांचे तुकडे कापले जातील. एका स्लॅबचे चार गुणिले पाच असे २० नीटस तुकडे होतात. गोल केक ६० जणांसाठी कापत बसणे हे कौशल्याचे आणि वेळखाऊ काम आहे, आणि त्या गर्दीत ते करणारे माणूस हमखास सापडत नाही.

टिनच्या मापाबद्दल एक सूचना. आठ इंची टिनची कृती दहा इंचीसाठी ‘थोडी वाढवून’ चालत नाही. गोल टिनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते: सहाचा वर्ग ३६, आठचा ६४, दहाचा १००. म्हणजे दहा इंचीला आठ इंचीच्या दीडपटीहून अधिक मिश्रण लागते आणि सहा इंचीला आठ इंचीच्या जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त. चौकोनी नऊ इंचीचे क्षेत्रफळ ८१ चौरस इंच, तर गोल आठ इंचीचे सुमारे ५०, त्यामुळे तिथेही दीडपटीच्या वर जावे लागते.

यावरून भट्टीच्या फेऱ्या मोजा. आठ इंचीचे दोन स्पंज, सहा इंचीचे एक किंवा दोन आणि चौकोनी दोन, अशा पाच-सहा फेऱ्या होतात. घरगुती ३० लिटरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, एका वेळी एकच टिन बसतो. दाटीवाटीने दोन कोंबले तर हवा फिरत नाही आणि दोन्ही एका बाजूला फुगतात. प्रत्येक फेरीला मिश्रण करणे धरून सव्वा ते दीड तास लागतो. म्हणून दोन आठवडे आधीच्या शनिवारी-रविवारी तीन-तीन फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीचे मिश्रण त्या-त्या वेळीच करावे. बिनअंड्याच्या कृतीत दही किंवा व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटू लागतात आणि ताटकळलेल्या मिश्रणात ते उरत नाहीत. एकदम मोठा घाणा करून टिन रांगेत उभे केलेत तर तिसरा केक पहिल्याच्या निम्म्या उंचीचा निघेल. ओटीजी साधारण १५०० वॅट वीज ओढतो आणि घरचा इन्व्हर्टर तो भार घेत नाही, त्यामुळे वीज जाण्याच्या वेळा आपल्या भागात ठरलेल्या असतील तर त्या आधी पाहून घ्याव्यात. मध्येच वीज गेलीच तर दार उघडू नये. शेवटच्या दहा मिनिटांत गेली असेल तर साठलेल्या उष्णतेवर केक बहुधा पार पडतो, पहिल्या वीस मिनिटांत गेली तर मात्र तो बसतो आणि पुन्हा उठत नाही.

निम्मे पाहुणे अंडे खात नाहीत, तेव्हा मुख्य केक बिनअंड्याचाच असावा. ज्यांचा समारंभ आहे त्यांना पहिला घास भरवायला सगळे नातेवाईक पुढे येतात आणि तेच हात, तीच सुरी सगळीकडे फिरते. त्या क्षणी ‘काकू, हा तुमचा नाही’ असे सांगायची वेळ येऊ नये. अंड्याचा करायचाच असेल तर एक स्लॅब करा, त्याला वेगळी सुरी आणि वेगळे ताट द्या. मला विचाराल तर सगळेच बिनअंड्याचे करा, चार अंडी वाचवण्यापेक्षा गोंधळ वाचतो. सजावटीला मार्शमॅलो किंवा तयार जेली घेत असाल तर त्यात जिलेटिन आहे का ते पुडक्यावर वाचा, कारण ते प्राण्यांपासून मिळते. चायना ग्रास चालते. आणि तारीख पक्की करण्याआधी घरातले कॅलेंडर उघडून संकष्टी किंवा एकादशी त्या रविवारी येत नाही ना, एवढे पाहून घ्यावे. एकदा माझ्या पाच किलोंपैकी साडेतीन किलो केक उपवासामुळे जसाच्या तसा परत आला आहे.

भरण आणि लेप यांची निवड चवीइतकीच हवामानावर अवलंबून असते. नाशिकला मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जाऊ शकतो, आणि लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. त्यामुळे बटरक्रीमची फुले संध्याकाळपर्यंत उभी राहतील अशी अपेक्षा ठेवू नये. दुधाच्या क्रीमची चव निर्विवाद चांगली, पण साधे फ्रेश क्रीम म्हणून जे पुडके मिळते त्यात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही, त्याला किमान ३० टक्के, खरे तर ३५ टक्के लागतात. आणि फेटले गेले तरी वातानुकूलन नसलेल्या हॉलमध्ये ते अर्ध्या तासात घळघळू लागते. आपल्या हॉलमध्ये एसी नसेल तर बाहेरून वनस्पती स्निग्धांशाचे नॉन-डेअरी क्रीम वापरावे. आत भरणासाठी वाटल्यास त्यात एक तृतीयांश दुधाचे क्रीम मिसळावे, जिभेला तेवढा फरक कळतो.

हे नॉन-डेअरी क्रीम गोठलेले मिळते. पावणेपाच किलोसाठी दीड किलोच्या आसपास लागेल. गुरुवारी रात्री ते फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवावे, ओट्यावर ठेवून घाईने वितळवू नये. शनिवारी फेटताना त्यात बर्फाचे बारीक कण जाणवत असतील तर उत्तम, भांडे आणि बीटरची पातीही गार असावीत. मे महिन्यात मी भांडे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवूनच फेटते. आकारमान तिपटीच्या पुढे जाते, म्हणून एका वेळी अर्धा किलोच घ्यावे. टोक उभे राहून किंचित वाकले की थांबावे. त्यापुढे फेटले की ते रवाळ होते, आणि मग लेप कितीही फिरवला तरी भिंतीच्या गिलाव्यासारखा खडबडीत दिसतो. उरलेले वितळलेले क्रीम पुन्हा गोठवू नये.

या सगळ्यापेक्षा सोपा आणि आगाऊ तयारीला सर्वांत अनुकूल लेप म्हणजे चॉकलेट गनाश. थरांमध्ये भरण्यासाठी काळे चॉकलेट आणि क्रीम वजनाने समान, बाहेरून लावण्यासाठी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, आणि आपल्या उन्हाळ्यात मी अडीच भागांपर्यंत जाते. पांढरे चॉकलेट असेल तर तीनास एक, कारण त्यात कोकोचे घन कण नसतात आणि ते लवकर ढिले पडते. इथे फ्रेश क्रीमच चालते, फेटायचे नसल्यामुळे २५ टक्के पुरतात. बुधवारी रात्री करून, पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावून फ्रिजमध्ये ठेवले तर रविवारपर्यंत त्याला काही होत नाही. शनिवारी तासभर आधी बाहेर काढले की पीनट बटरइतके मऊ होते. साखरेचा पाक, समप्रमाणात साखर आणि पाणी, गुरुवारी उकळून बाटलीत भरावा. बिनअंड्याच्या स्पंजला किलोमागे १०० ते १२५ मिलिलिटर पुरतो, त्याहून जास्त घातला की दुमजली केकचा खालचा मजला दबतो.

मे महिना म्हणजे आंबा, आणि ‘आंब्याचा केक’ हा हट्ट घरात होणारच. ताज्या हापूसच्या फोडी क्रीममध्ये शनिवारी घातल्या तर रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांचे पाणी सुटते. त्याऐवजी आमरस मंद आचेवर निम्मा आटवून, गार करून भरणात वापरावा, आणि ताज्या फोडी फक्त वर, हॉलवर पोहोचल्यानंतर मांडाव्यात. कच्चा अननस, किवी आणि पपई यांच्यापासून दूर राहावे. त्यांच्यातील विकरे (एन्झाइम) दुधातली आणि जिलेटिनमधली प्रथिने तोडतात, त्यामुळे क्रीम पातळ आणि कडवट होते. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवलेला किंवा डब्यातला घ्यावा, शिजवल्यावर ते विकर निकामी होते.

फॉन्डंटच्या, म्हणजे मळलेल्या साखरेच्या लगद्याच्या, फुलांचा विचार असेल तर ती दहा दिवस आधी करून, झाकण न लावलेल्या खोक्यात, पंख्याखाली कोरडी वाळवावीत. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत. फॉन्डंट म्हणजे बव्हंशी साखर, ती हवेतले पाणी ओढते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी एका मुंजीच्या पांढऱ्या केकवर लाल फॉन्डंटची पळी-पंचपात्र आणि कमळे आदल्या रात्रीच लावून केक फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत त्यावर दव धरले आणि कमळांच्या खालून लाल ओघळ बाजूने उतरू लागले. तेव्हापासून रंगीत फुले मी केक जागेवर बसल्यानंतरच लावते, आणि फॉन्डंटने मढवलेला केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालते, म्हणजे दव खोक्यावर बसते. बाहेर काढल्यावरही खोके तासभर उघडत नाही.

शनिवारची संध्याकाळ आता हलकी झालेली असेल. दुपारी तीनला सगळे स्पंज बाहेर काढावेत, पाचला कापायला घ्यावेत. प्रत्येक थराला पाक, भरण, वर पुन्हा थर, आणि बाहेरून पातळ क्रम्ब कोट, म्हणजे चुरा बसवणारा पहिला लेप. मग रात्रभर फ्रिज. आधी मी फ्रिजला विरोध केला तो उघड्या स्पंजसाठी. पाक प्यालेला आणि सर्व बाजूंनी क्रीमने किंवा गनाशने बंद झालेला केक एक रात्र फ्रिजमध्ये मुरला तर उलट चांगला कापला जातो. दोन्ही मजले वेगवेगळ्या बोर्डांवर ठेवावेत आणि खालच्या मजल्यात वरचा बोर्ड पेलण्यासाठी चार जाड स्ट्रॉ लेपाच्या उंचीइतक्या कापून रोवाव्यात. स्ट्रॉविना वरचा मजला हळूहळू आत रुततो.

मात्र या आधी, म्हणजे आजच, एक काम करा: फ्रिजच्या कप्प्यांची उंची मोजपट्टीने मोजा. दोन मजले, दोन स्लॅब, दीड किलो क्रीम आणि घरचे दूध-भाजी हे सगळे एका २५० लिटरच्या फ्रिजमध्ये मावत नाही. मी मोठ्या ऑर्डरच्या आठवड्यात एक काचेचा कप्पा काढून ठेवते आणि घरच्यांना दोन दिवस वरण-भात व कोशिंबिरीवर राहायला सांगते. शेजारी विश्वासाचे असतील तर स्लॅब त्यांच्याकडे ठेवावेत.

रविवारी सकाळी शेवटचा लेप आणि पायपिंग (पिशवीतून क्रीम पिळून काढलेली नक्षी) करून दुपारी बारापर्यंत केक परत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, कारण निघताना तो आतून घट्ट गार असणे हीच वाहतुकीतली खरी सुरक्षा आहे. मजले वेगवेगळ्या खोक्यांत न्यावेत आणि हॉलवर एकावर एक ठेवावेत. गाडीचा एसी दहा मिनिटे आधी लावावा. खोके मांडीवर किंवा उतरत्या सीटवर न ठेवता पुढच्या सीटच्या पायाजवळ किंवा डिकीत, खाली ओली पिळलेली किंवा रबरी जाळीची मॅट टाकून ठेवावे. मांडीवर केक तिरका होतो आणि शरीराच्या उबेने एका बाजूने सुटतो. सोबत भरलेली पायपिंग बॅग, पॅलेट नाइफ, टिश्यू आणि दोन जादा स्ट्रॉ असाव्यात. गतिरोधकांचे हिशेब कोणालाच आधी मांडता येत नाहीत.

आणि वेळ. पत्रिकेवर सात लिहिलेले असेल तर केक साडेआठला कापला जाईल असे धरूनच चाला, कारण मावशींची गाडी येईपर्यंत कोणी सुरीला हात लावत नाही. दुधाचे पदार्थ असलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंशांच्या वर गेलेल्या हवेत एका तासापेक्षा जास्त उघडे ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. म्हणून केक टेबलावर सातला मांडू नका. टेबल, दिवे, फुले सातला तयार असू देत, आणि केक शेवटचे पाहुणे आल्यावर, कापण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधीच बाहेर आणा. तेवढ्या वेळात क्रीम खाण्याजोगे मऊ होते. स्लॅब तर थेट फ्रिजमधून कापायचे आहेत. हॉलमध्ये फ्रिज आहे ना, तो चालू आहे ना आणि आचाऱ्यांनी त्यात दह्याची पातेली भरून ठेवलेली नाहीत ना, याची खात्री शुक्रवारी फोन करून करावी. नसेल तर थर्मोकोलचे खोके आणि बर्फाच्या पिशव्या भाड्याने मिळतात.

हे सगळे वाचून वेळ जमणार नाही असे वाटत असेल, तर केकचा प्रकारच बदलण्याचा पर्याय आहे, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. काही केक मुद्दाम ठेवून खायचे असतात. रममध्ये आठवडेच्या आठवडे भिजवलेल्या सुक्यामेव्याचा नाताळचा प्लम केक महिनाभर आधी करून, अधूनमधून चमचाभर रम पाजत ठेवतात, आणि तो दर आठवड्याला अधिक चांगला होत जातो. रम चालत नसेल तर संत्र्याच्या रसात भिजवता येतो, पण मग महिन्याऐवजी आठवड्याचाच हिशेब धरावा. गोव्याचा रवा आणि ओल्या नारळाचा ‘बात’ भाजल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सरस लागतो, आणि २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेली बिबिंका नारळाचे दूध, अंड्याचे बलक, साखर आणि तूप यांच्या जोरावर क्रीमच्या केकच्या कितीतरी पटीने टिकते. दोन स्लॅबच्या जागी असा बिनक्रीमचा केक शुक्रवारी करून डब्यात ठेवलात तर फ्रिजमधली निम्मी जागा आणि शनिवारचे दोन तास मोकळे होतील. मावा केक मात्र उन्हाळ्यात टाळावा, खवा उबेत फार लवकर आंबतो.

तीन आठवडे आधीच्या रविवारी अर्धा किलोचा एक नमुना केक करून पाहा, तोही गोठवून, सोडवून, लेप देऊन आणि टेबलावर दीड तास उघडा ठेवून. त्यातून आपल्या ओटीजीचा कल, आपल्या फ्रीझरची ताकद आणि आपल्या क्रीमची सहनशक्ती तिन्ही कळतील. समारंभानंतर क्रीमचा केक उरला तर जो टेबलावर उघडा राहिला तो त्याच रात्री संपवावा किंवा टाकावा, तो कोणाला बांधून देऊ नये. फ्रिजमधून न हललेल्या स्लॅबचे तुकडे डब्यात बंद करून दोन दिवस चालतात, आणि गावाकडच्या पाहुण्यांना प्रवासात द्यायचा असेल तर आपण कापून बाजूला ठेवलेले स्पंजचे फुगवटे कामी येतात. ते मंद भट्टीत कुरकुरीत भाजले की चहासोबत खाण्याजोगा उत्तम केक रस्क तयार होतो.